तीनशे पंधरा बोअर : एका जुन्या रायफलीच्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४, बेळगाव

दसऱ्याला दोन दिवस झाले. सकाळी आबा रायफल घेऊन दुकानात आले. जांबोटीच्या बाजूचं गाव त्यांचं, शेजाऱ्याच्या जीपमधून आले. गोणपाट सोडलं तर दस्त्यावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून तसंच, बोल्टवरही, म्हणजे काडतूस आत-बाहेर नेणाऱ्या सरकत्या दांड्यावरही, दोन बोटं ओढलेली.

आधी बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, बघितलं आणि करंगळी घालून चाचपलं. रिकामी आहे. मग परवाना बघितला. परवान्यावरचा नंबर, नळीवरचा, अॅक्शनवरचा, बोल्टच्या मुठीमागचा, सगळे जुळतात. दुकानाच्या नोंदवहीत चढवली.

रायफल बंगालातल्या इशापूर कारखान्याची, तीनशे पंधरा बोअर, म्हणजे .३१५ इंचाची नळी. आबांच्या थोरल्या भावानं घेतलेली, भाऊ गेल्यावर परवाना आबांच्या नावावर झाला. लोक अजून तिला शिकारी रायफल म्हणतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपली, नाव राहिलं. आबांनी तिनं जनावर मारलेलं नाही. भीमगडच्या जंगलाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना रात्री रताळ्याच्या शेतावर झोपावं लागतं, आणि अस्वल काही परवाना विचारून येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण तक्रार आपल्या शब्दांत लिहिली की आपला अंदाज त्यात मिसळतो.

"उस्ताद, माघात पहाटेची गोष्ट. अस्वल धा पावलांवर. घोडा ओढलो आन नुसतं टिक् झालं बघा. तसंच बोल्ट मारून दुसरं घातलो, बांधाच्या मातीत बार काढलो, ते पळालं. पन मोकळी केस भायेर येईना की. घरात येऊन सळईनं ठोकून काढलो."

त्यानंतर मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि रायफल जमा करावी लागली. परत मिळाली ती पावसाळ्यात, नळीत गंज घेऊन. जमा होती त्या काळात तिला कुणी तेलाचं बोट लावलं नसणार.

एका घटनेत दोन बिघाड आहेत. फुसका बार हा एक, अडकलेली केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं, हा दुसरा. दुसऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तोवर आवाज झालेला असतो. पण हातानं बोल्ट चालवायच्या रायफलीत केस बाहेर आली नाही तर पुढचा बार नाही. अस्वल पळालं नसतं तर आबांच्या हातात लाकडी दस्ता लावलेली एक लोखंडी काठी होती.

१७ ऑक्टोबर

बोल्ट पूर्ण खोलला. बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं सुटं टोक, फिरवून काढलं, स्ट्रायकरचा, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या खिळ्याचा, बारीक स्क्रू सोडला, खास पान्यानं स्ट्रायकर कॉकिंग पीसमधून बाहेर घेतला. बोल्टच्या पोकळीतून निघालं ते बघून थांबलो. पिवळट पांढरा गोळा, मेणासारखा, त्यात हळदीचे कण. वास घेतला. खोबरेल तेल.

आबांना फोन केला. "व्हय की, घरातलंच तेल. थोरला भाऊबी तेच घालायचा."

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. बेळगाव-खानापुरात माघातल्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. घरातली बाटली थिजते तसंच ते बोल्टमध्ये थिजतं. स्ट्रायकरला स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावायचं असतं, तो या चरबीतून वाट काढत जातो आणि काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर पोचेपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो. दुपारच्या उन्हात हीच रायफल बिनतक्रार उडते. म्हणून घरच्यांना ती बरी वाटत राहिली.

सगळं रॉकेलमध्ये धुतलं, सुकवलं. स्ट्रायकरला पातळ तेलाचा नुसता हात लावला. वहीत लिहिलं, "कारण सापडलं."

२१ ऑक्टोबर

परवाचं वाक्य खोडलं.

घरची चाचणी अशी घेतो. रिकाम्या केसमध्ये टोपीच्या जागी मऊ तांब्याची चकती बसवायची. दारू नाही, टोपी नाही. बोल्ट लावायचा, चाप ओढायचा आणि चकतीवर पडलेल्या खड्ड्याची खोली मोजायची. दहा वेळा केलं. काही खड्डे ०.४० मिमीच्या आसपास, काही जेमतेम ०.२२. बोल्ट स्वच्छ आहे, तेल पातळ आहे, दुकान उबदार आहे. तरी फरक जवळजवळ दुपटीचा.

स्प्रिंग थकली असेल असं धरलं. जुन्या साठ्यातल्या नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर ही चांगली दोन वेढे आखूड. नवी घातली. खड्डे थोडे खोल झाले, पण मागे-पुढे होणं तसंच.

स्प्रिंग थकली असती तर सगळेच खड्डे उथळ पडले असते. एक खोल, एक उथळ, याचं कारण दुसरीकडे असणार. हे मला स्प्रिंग बदलण्याआधी सुचायला हवं होतं.

२६ ऑक्टोबर

भाचा आला होता. उद्यमबागेत एका वर्कशॉपला सीएनसीवर असतो, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बनवतात तिथे. शंभरातला भाग मोजणारी पोरं ही, डोळा चांगला. त्याला खड्ड्यांचे आकडे दाखवले.

तो म्हणाला, "मामा, केस दरवेळी एकाच जागी बसतीया काय?"

चकती बसवलेली केस हातानं चेंबरमध्ये ढकलून मग बोल्ट लावला तर खड्डा उथळ. केस आधी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, नखाखाली अडकवून बोल्टसोबत आत नेली तर खोल. पाच-पाच वेळा केलं, एकदाही चुकलं नाही.

म्हणजे केसला आत पुढे-मागे हलायला जागा आहे. जागा जास्त असली की स्ट्रायकरचा पहिला जोर केसला पुढे ढकलण्यात जातो, टोपीला उरतं ते उरतं.

तीनशे पंधराचं काडतूस कडेवर टेकतं. बुडाची कडा नळीच्या मागच्या तोंडावर बसते आणि मागून बोल्ट हेड तिला धरतं. त्या दोघांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. फौजेत बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून काढली, तिथे .३०३ रायफलीला गेज, म्हणजे ठरलेल्या मापाचे तुकडे, होते. ०.०६४ इंचावर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ वर होता कामा नये. मधली सूट दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटर. तीनशे पंधराचे गेज माझ्याकडे नाहीत. म्हणून बिनदारूच्या डमी काडतुसाच्या बुडावर पितळी शिमच्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या, गोल चकत्या ठेवत गेलो. ०.३५ मिमीवर बोल्ट सहज बंद होतो, ०.४० वर अडतो. डमीची कडाच बारीक असेल या शंकेनं बारा काडतुसांच्या कडा मायक्रोमीटरनं मोजल्या. जाड आणि बारीक यांत ०.०८ चा फरक. जाडातलं जाड धरलं तरी जागा जास्तच.

१ नोव्हेंबर

सीमाभागातला काळा दिन. दुकान बंद. दिवाळीही आहे. वही घरी आणली होती, आजवरचं पुन्हा वाचून काढलं.

५ नोव्हेंबर

आज बराच वेळ बोल्टवरच गेला.

बोल्टवर नंबर आहे, तो रायफलीशी जुळतो, म्हणून पहिल्या दिवशी मी समाधान मानलं. पण ही रायफल .३०३ सारखीच ली-एनफिल्ड घराण्यातली, आणि त्या घराण्याच्या बोल्टचं हेड वेगळा भाग आहे, आट्यांवर बसतं, आणि त्या हेडवर रायफलीचा नंबर नसतो. आज हेड बोटांनी घट्ट फिरवलं तर ते बोल्टच्या रेषेत थांबत नाही, तीसेक अंश पुढे जातं. हे हेड या बोल्टसाठी बसवलेलं नाही. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या रायफलीचं लावलंय, तेही आखूड.

आबांना विचारलं. खूप वर्षांपूर्वी एक्स्ट्रॅक्टर तुटला होता, भावानं कुठूनतरी "तोंड बदलून" आणलं होतं. तोंड बदललं आणि रायफल उडाली, म्हणून ती बरी झाली असं सगळ्यांनी धरलं.

आबांकडून जुन्या मोकळ्या केसेस मागवल्या होत्या, सात मिळाल्या. पाचांवर बुडापासून बोटभर अंतरावर फिकट चकचकीत कडं दिसतं. सायकलच्या आऱ्याची तार घासून टोक वाकवलं आणि केसच्या आत भिंतीवरून ओढलं. कड्याच्या जागी टोक अडकतं, आतून खाच पडली आहे. बार झाला की केसचा पुढचा भाग दाबानं चेंबरच्या भिंतीला चिकटतो, मागचं बूड मोकळ्या जागेत मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. आणखी ताणलं असतं तर केस तिथेच दुभंगली असती. पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि गरम वायू मागे येतो, चेहऱ्याच्या बाजूला.

या घराण्याच्या रायफलीत बोल्टला धरणारे लग, म्हणजे खुंट, मागच्या बाजूला असतात, चेंबरलगत नाहीत. त्यामुळे बाराच्या वेळी बोल्ट थोडासा दबतो. मूळ जागा बरोबर असेल तर ते पचतं. आधीच जास्त असेल तर हे दबणंही त्यात मिळतं.

आबांना सांगितलं, ही रायफल दुरुस्त होईपर्यंत मागायची नाही. ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "थोरल्यानं शंभर बार तरी काढला असंल हिच्यातनं."

८ नोव्हेंबर

भाचा म्हणतो, नवं हेड आपण सीएनसीवर कापू, मापं माझ्याकडे द्या.

त्याला नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. शस्त्राचा सुटा भागही १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रच, बनवायचा परवाना आपल्याकडे नाही, दुरुस्तीचा आहे. शिवाय माप हा कामाचा एक भाग झाला. हेडच्या तोंडाला कडकपणा किती, वरची कडक कातडी किती खोल, गाभा किती चिवट, हे भट्टीत ठरतं. तुझं माप शंभरातल्या एकावर बसेल आणि हेड पन्नासाव्या बाराला चीर देईल.

एका जुन्या परवानाधारक विक्रेत्याकडे साठ्यात अस्सल हेड पडून आहेत. रीतसर पावती, दोन्ही नोंदवह्यांत नोंद.

१५ नोव्हेंबर

तीन हेड आली. पहिलं होतं त्यापेक्षा आखूड, बाजूला ठेवलं. दुसऱ्यानं जागा ०.२२ वर येते. तिसऱ्यानं ०.१२, आणि हे बोल्टच्या रेषेत जवळजवळ बरोबर थांबतं. तिसरं ठेवलं.

लगना मार्किंग ब्ल्यू, म्हणजे टेकल्याची जागा दाखवणारा निळा रंग, लावून बोल्ट दहा-बारा वेळा बंद केला. दोन्ही लग टेकतात, उजवा जास्त, डावा कडेला. भाच्याचा हात लगेच घासायच्या पेस्टच्या डबीकडे गेला. थांबवलं. लगवर कडक केलेली पातळ कातडी आहे. घासून एकसारखं दिसेलही, पण कातडी गेली की खालचं मऊ लोखंड महिन्यागणिक दबत जाईल आणि आज कमावलेली जागा पुन्हा हरवेल. दोन्ही टेकतायत, तेवढं पुरे.

तांब्याच्या चकत्या पुन्हा दहा. सर्वांत उथळ ०.४१, सर्वांत खोल ०.४६. केस नखाखाली धरली काय, पुढे ढकलली काय, फरक नाही. आता लिहायला हरकत नाही, फुसक्या बाराचं मुख्य कारण सापडलं. खोबरेल आणि थकलेली स्प्रिंग त्यात भर घालत होती. माघातल्या त्या पहाटे तिन्ही एकत्र आली.

२३ नोव्हेंबर

दुसरा बिघाड, केस अडकण्याचा. एक्स्ट्रॅक्टरचं नख झिजून गोल झालेलं, मागची स्प्रिंग लुळी. नव्या हेडसोबत दोन्ही नवे आले. हा भाग नखाएवढाच, पण मी रायफलीची तब्येत आधी इथे बघतो. नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, दस्ता फुटला तर बांधून घेता येतो. हा तुकडा आणि त्याची स्प्रिंग गेली की बाकी सगळं शाबूत असून उपयोग नाही.

इथेच भाच्यानं विचारलं, मग जर्मन माउझर रायफलीला लोक एवढं का मानतात? १८९८ च्या माउझरचा एक्स्ट्रॅक्टर बोल्टच्या बाजूनं जाणारी लांब पट्टी असते, रुंद नखाची, आणि काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्या नखाखाली शिरतं. घाईत बोल्ट अर्धा मारून मागे ओढला तरी काडतूस सुटत नाही. लगही पुढे, चेंबरलगत. आपल्या रायफलीत काडतूस आधी पुढे ढकललं जातं आणि बोल्ट बंद होताना नख कडेवर चढतं. उलट आपला बोल्ट सुटसुटीत आहे, चिखलात, धुळीत चालतो, मूठ कमी अंशात फिरते. जेम्स पॅरिस ली यानं आखलेली चाल इतकी वर्षं फौजेत टिकली ती उगाच नाही. दोन्ही भरवशाच्या, पण दोघींची काळजी वेगवेगळ्या जागी घ्यावी लागते.

चापही बघितला. ताणकाटा लावून पहिला ओढ साडेतीन पौंड, दुसरा सव्वापाच. .३०३ च्या जुन्या मापात बसतं. आबांच्या गावचा कुणी म्हणाला होता, चाप हलका करून घ्या. करणार नाही. अमेरिकेत १९६२ पासून निघालेल्या रेमिंग्टन ७०० या नावाजलेल्या शिकारी रायफलीच्या चापावरून वर्षानुवर्षं खटले चालले. चापावर एक सुटी पट्टी बसायची, तिच्या फटीत घाण साचली की बोट न लावता बार होतो, असा आक्षेप होता. २०१४ मध्ये कंपनीनं चाप बदलून देण्याची तडजोड मान्य केली. न उडणारी रायफल वाईटच, पण नको तेव्हा उडणारी घरातल्या माणसाला मारते. अंधारात, थंडीत आखडलेल्या बोटांनी वापरायच्या रायफलीचा चाप मुद्दाम जडच हवा.

३० नोव्हेंबर

नळी आणि चेंबर. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतलं पाणी ओढतं. तेलानं हे मीठ निघत नाही, पाण्यानंच निघतं. फौजेत उकळतं पाणी नळीत ओतायचो ते यासाठी. आबांकडच्या जुन्या डब्यातली काडतुसं या जातीची असावीत. भावानं नळीला तेल पाजलं, पाणी कधीच घातलं नाही, आणि वर खानापूरचा पाऊस.

चेंबरमध्ये बारीक खड्डे आहेत, उजवीकडे तीन ठळक. बाराच्या दाबानं पितळ या खड्ड्यांत शिरतं आणि केस धरून ठेवली जाते. बारीक पेस्ट लावलेला लोकरी बोळा फिरवून कडा मऊ केल्या. खड्डे मुळापासून काढायचे तर चेंबर मोठं होईल. केलं नाही. हे दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही.

मॅगझिनचा डावा ओठ वाकला होता, सरळ केला.

१० डिसेंबर

सगळं जोडून तयार. रेंजवर चाचणीची परवानगी हवी, पण कालपासून सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालंय, रस्तोरस्ती नाकाबंदी. पुढे २६ तारखेला गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी. या दिवसांत शहरातून रायफल नेण्याची परवानगी मागायला जाणंही बरं नव्हे. नवीन वर्षातच.

१२ जानेवारी २०२५, रेंज

थंडी चांगली, सकाळी सात वाजता १५ अंश. मुद्दाम ही वेळ घेतली.

पहिले दोन बार रायफल वाळूच्या पोत्यांत बांधून, लांब दोरीनं. हेडस्पेस बदललेल्या रायफलीला पहिल्याच बाराला गाल लावायचा नसतो. दोन्ही केसेस तपासल्या, कडं नाही, तारेला खाच लागत नाही.

मग अठरा बार खांद्यावरून. एकूण वीस. फुसका एकही नाही. केस अडकली एकदा, सतराव्या बाराला, नळी चांगली तापलेली असताना, बोल्टच्या मुठीवर तळहात मारावा लागला. ती जुन्या डब्यातली होती. खडकीच्या केएफ शिक्क्याच्या नव्या काडतुसांत एकदाही नाही. जुना डबा बाद, आबांना रीतसर जमा करायला सांगणार.

आणखी एक घडलं. शेवटच्या पाचात आबांनी स्वतः मॅगझिन भरलं आणि तिसरं काडतूस वर येईना. कडेची काडतुसं भरताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेपुढे यावी लागते. मागे गेली की दोन कडा एकमेकींत अडकतात. रायफलीचा यात दोष नाही. आबांकडून डमींवर तीस वेळा भरून घेतलं, शेवटी डोळे मिटून. रात्री शेतावर कंदील लावून कोण भरणार आहे?

१८ जानेवारी

रायफल परत दिली. परवान्याची पुन्हा खातरजमा, नोंदवहीत सही.

आबांना सांगितलं ते असं. खोबरेल बंद, ही पातळ तेलाची बाटली घ्या, थेंबभर पुरतं. बार काढला तर त्याच दिवशी उकळतं पाणी, मग पुलथ्रूनं, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीनं, चिंधी, मग तेल. टिक् झालं आणि समोर जिवाचं काही नसेल तर नळी मोकळ्या दिशेला धरून तीसपर्यंत मोजा, मगच बोल्ट उघडा. उशिरा उडणारं काडतूस हातात उडतं. पुढच्या निवडणुकीत जमा कराल तेव्हा आधी नळीला ग्रीस लावून, तेलकट कापडात गुंडाळून द्या आणि परत आली की घरी न नेता इकडे आणा.

"आन खंडेनवमीला?"

दस्त्याला हळदकुंकू लावा, बोल्टला नको, म्हटलं. आबा जरा नाराज झाले. मग म्हणाले, "बोल्टला नुसता नमस्कार करतो की."

जुनं हेड चिठ्ठी बांधून कपाटात कुलपात ठेवलंय. चिठ्ठीवर लिहिलं आहे, आखूड, कुठल्याही बोल्टला लावायचं नाही. चेंबरची पुढची तपासणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात. तोवर निघणाऱ्या प्रत्येक मोकळ्या केसवर आबा तारीख घालून ठेवणार आहेत.